आवाजाच्या व्यापारातही मापात पाप नको

व्यापार म्हटला की माप आलेच. किराणा दुकानात तराजू असतो, कापडाच्या दुकानात मीटरपट्टी असते आणि सराफाकडे कसोटीचा दगड असतो. परंतु काही माल असा आहे की ग्राहकाला तो तोलताही येत नाही आणि मोजताही येत नाही. केवळ दुकानदाराच्या शब्दावर विसंबून तो पैसे मोजतो. खिशात बसणारे आणि उत्तम आवाज देणारे संगीतयंत्र हा असाच एक माल होय.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण मोबाइल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा रिपेअरिंगच्या व्यवसायात आहेत. पूर्वी टेपरेकॉर्डर, रेडिओ व वॉकमन दुरुस्त करणारे कारागीरही आमच्या समाजात मोठ्या संख्येने होते. टेप गेला आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना दुसरा धंदा शोधावा लागला. "आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, गाणी ऐकायला वेगळे यंत्र कोण घेणार?" असा प्रश्न वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु चांगला आवाज ऐकण्यासाठी मुद्दाम वेगळे यंत्र घेणारा ग्राहक संख्येने लहान असला तरी टिकून आहे. तो चोखंदळ आहे, खर्च करण्याची त्याची तयारी आहे आणि एकदा विश्वास बसला की तो दुकान बदलत नाही. मात्र तो आकड्यांची भाषा बोलतो. "हे चोवीस बिटचे आहे का? फ्लॅक चालते का? डॅक कोणता आहे?" असे तो विचारतो. ज्या दुकानदाराला उत्तर देता येत नाही, त्याचा ग्राहक जातो. आणि जो दुकानदार खोटे उत्तर देतो, त्याचा ग्राहक तर जातोच, शिवाय नावही जाते.

म्हणून या मालाची पारख कशी करावी, कोणत्या गोष्टीवर किती पैसा खर्च करावा आणि यात कारागिराला कोणते काम मिळू शकते, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

वॉकमनपासून आजपर्यंत

जपानच्या सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी पहिला वॉकमन बाजारात आणला. तोपर्यंत संगीत ऐकायचे म्हणजे घरी बसून ऐकायचे. वॉकमनने ते चालत्या माणसाच्या कानात नेऊन ठेवले. १९८२ मध्ये सीडी आली आणि १९८४ मध्ये सोनीने हातात धरता येईल असा सीडी प्लेअर काढला. १९९८ मध्ये कोरियाच्या साएहान कंपनीने एमपी-थ्री वाजविणारे छोटे यंत्र विकायला काढले. त्यात फक्त ३२ एमबी जागा होती. म्हणजे आठ-दहा गाणी बसली की यंत्र भरले! त्यानंतर २३ ऑक्टोबर २००१ रोजी अ‍ॅपल कंपनीने ५ जीबीचा आयपॉड जाहीर केला आणि हजार गाणी खिशात मावू लागली.

पुढे मोबाइलने हे सारे गिळून टाकले. अ‍ॅपलने २०१४ मध्ये आयपॉड क्लासिक बंद केला आणि मे २०२२ मध्ये शेवटचा आयपॉड टचही बंद केला. परंतु याच काळात दुसरीकडे एक वेगळाच बाजार उभा राहात होता. चीनमधील ग्वांगझू येथील फिओ कंपनी २००७ मध्ये सुरू झाली. कोरियाच्या आयरिव्हर कंपनीने २०१२ मध्ये 'अ‍ॅस्टेल अँड कर्न' या नावाने महागडी यंत्रे काढली. सोनीने तर वॉकमन हे नाव सोडलेच नाही. त्या नावाने नवी डिजिटल यंत्रे ती विकत राहिली. म्हणजे सर्वसामान्य ग्राहक मोबाइलकडे गेला, पण चांगल्या आवाजाचा शौकीन ग्राहक मागे राहिला. आपला विषय हाच ग्राहक आहे.

आवाजाचे साधे गणित

आवाज म्हणजे हवेतील लहर. ती आकड्यांत साठवायची तर क्षणाक्षणाला तिचे माप घ्यावे लागते. सीडीवर एका सेकंदात ४४,१०० वेळा माप घेतलेले असते आणि प्रत्येक माप १६ बिटमध्ये लिहिलेले असते. माणसाचा कान फार तर सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, वाढत्या वयात त्याहूनही कमी. एखादी लहर बिनचूक पकडायची तर तिच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक मापे पुरतात, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. म्हणजे सीडीचे माप कानाच्या गरजेला पुरेसे आहे.

सीडीचा हा ऐवज सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट इतका होतो. चार मिनिटांचे एक गाणे साधारण ४२ एमबी जागा घेते. एमपी-थ्रीमध्ये कानाला जाणवणार नाही असा अंदाज असलेला भाग टाकून दिला जातो. १२८ किलोबिटच्या एमपी-थ्रीत तेच गाणे चार एमबीपेक्षाही कमी जागेत बसते आणि ३२० किलोबिटच्या एमपी-थ्रीत साडेनऊ एमबीच्या आसपास. जे टाकून दिले ते परत मिळत नाही. ३२० किलोबिटवर हे नुकसान ओळखणे बहुतेकांना अवघड जाते. १२८ किलोबिटवर मात्र सवयीचा कान ते पटकन पकडतो.

फ्लॅक या प्रकारात काहीही टाकले जात नाही. कापडाचा गठ्ठा दाबून बांधावा आणि सोडल्यावर कापड होते तसेच निघावे, तसा हा प्रकार आहे. २००१ पासून तो सर्वांना मोफत उपलब्ध आहे. फ्लॅकमध्ये फाइल मूळच्या निम्म्या ते पाऊणपट जागेत बसते. चार मिनिटांच्या गाण्याला सरासरी २५ एमबी धरले तर ६४ जीबीच्या कार्डावर अडीच हजार गाणी मावतात. अ‍ॅपलचा याच जातीचा वेगळा प्रकार आहे. त्याला अ‍ॅपल लॉसलेस म्हणतात.

येथे एक गोष्ट व्यापाऱ्याने पक्की ध्यानात ठेवावी. कमी दर्जाच्या एमपी-थ्रीचे रूपांतर करून फ्लॅक फाइल बनविता येते. फाइल मोठी होते, नाव बदलते. पण आवाज तोच राहतो. अठरा कॅरेटच्या दागिन्यावर बावीस कॅरेटचा शिक्का मारावा, तसाच हा प्रकार आहे. "फ्लॅक आहे" एवढे सांगून काम भागत नाही. मूळ ध्वनिमुद्रण कोठून घेतले, हे विचारावे लागते.

मोठे आकडे आणि त्यांची किंमत

सीडीच्या वरच्या मापाला 'हाय-रेस' म्हणतात. २४ बिट, ९६ हजार, १९२ हजार असे आकडे खोक्यावर छापलेले असतात. स्टुडिओत ध्वनिमुद्रण करताना २४ बिटचा खरा उपयोग आहे, कारण तेथे आवाज कमीजास्त करण्याला मोकळी जागा लागते. परंतु ऐकणाऱ्याला फरक कळतो काय? अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी याची परीक्षा घेतली आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी उच्च दर्जाच्या तबकडीचा आवाज आणि तोच आवाज सीडीच्या मापातून काढून, असे दोन्ही लोकांना ऐकविले. कोणता आवाज कोणता, हे त्यांना सांगितले नव्हते. ५५४ वेळा उत्तरे घेतली, त्यांपैकी २७६ बरोबर आली. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी इतकीच बरोबर आली असती.

या आकड्यांच्या मोहाची व्यापारी बाजूही पाहावी. प्रसिद्ध गायक नील यंग यांनी २०१४ मध्ये 'पोनो' नावाचे यंत्र काढण्यासाठी लोकांकडून आगाऊ रक्कम मागितली. अठरा हजारांहून अधिक लोकांनी मिळून ६२ लाख डॉलर्सपेक्षा जास्त रक्कम दिली. यंत्राची किंमत ३९९ डॉलर होती. यंत्र वाईट नव्हते, परंतु "सीडीपेक्षा कितीतरी चांगले" हा दावा सामान्य माणसाच्या कानाला पटला नाही. २०१७ पर्यंत हा उपक्रम संपला. एवढे मोठे नाव पाठीशी असूनही केवळ आकड्यांवर धंदा उभा राहिला नाही, मग छोट्या दुकानदाराने त्यावर का विसंबावे?

याचा अर्थ हाय-रेस यंत्र विकूच नये असा नाही. ग्राहक मागतो तर जरूर द्यावे. फक्त "याने गाणे बदलून जाईल" असे सांगून देऊ नये.

यंत्रात काय पाहावे?

फाइलमधील आकड्यांची पुन्हा विजेची लहर करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात आणि ती लहर इअरफोन हलविण्याइतकी जोरदार करणाऱ्या भागाला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. चांगल्या डॅकच्या चिप आता स्वस्त झाल्या आहेत. त्यामुळे चिपच्या नावापेक्षा पुढील गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत.

पहिली, शांतता. गाणे थांबवून इअरफोन कानात ठेवावा. फसफस किंवा गुणगुण ऐकू आली तर ते यंत्र संवेदनशील इअरफोनसाठी योग्य नाही.

दुसरी, जोर. इअरफोनचा विरोध ओहममध्ये मोजतात. कानात बसणारे बहुतेक इअरफोन १६ ते ३२ ओहमचे असतात आणि कोणत्याही यंत्रावर चालतात. परंतु सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन लहान यंत्राला जोडला तर आवाज बारीक व मेलेला येतो. दोष यंत्राचाही नाही आणि हेडफोनचाही नाही. जोडी जुळलेली नाही इतकेच.

तिसरी, यंत्राचा स्वतःचा विरोध. इअरफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा तो कमी असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. १६ ओहमच्या इअरफोनला २ ओहमपेक्षा कमी विरोधाचे यंत्र चांगले. तो जास्त असेल तर काही इअरफोनचा मूळ तोल बिघडतो, खर्ज किंवा वरचा सूर उगाच वाढतो.

चौथी, रोजचा वापर. कार्ड घालण्याची सोय, खिशातल्या खिशात दाबता येणारी बटणे, बॅटरी बदलता येते की नाही, आणि सुटे भाग मिळतात की नाही. यंत्र दहा वर्षे टिकेल की दोन, हे येथे ठरते.

आता मोबाइलबद्दल. अ‍ॅपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून इअरफोनचा जॅक काढून टाकला आणि पुढे इतर अनेक कंपन्यांनीही तेच केले. त्यामुळे मोबाइलला जोडायच्या छोट्या जोडतारा विकल्या जाऊ लागल्या. यातील चांगल्या तारांच्या टोकातच एक छोटा डॅक बसविलेला असतो. ज्या ग्राहकाकडे चांगला मोबाइल आहे, त्याला वेगळ्या यंत्राऐवजी अशी तार पुरेशी ठरते. हे त्याला मोकळेपणाने सांगावे. मात्र बाजारात डॅक नसलेल्या जोडताराही मिळतात. त्या काही मोबाइलवर चालतात आणि काहींवर मुळीच चालत नाहीत. म्हणून ग्राहकाच्या मोबाइलला लावून, वाजवून मगच तार द्यावी.

बिनतारी इअरफोन घेतला तर डॅक व अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही त्या इअरफोनमध्येच असतात. यंत्रातला महाग डॅक वाया जातो. सोनीने २०१५ मध्ये आणलेली एलडॅक पद्धत जास्तीत जास्त ९९० किलोबिटपर्यंत आवाज पाठविते, पण ती यंत्र आणि इअरफोन दोन्हींत असावी लागते. आयफोनमध्ये ती नाही. आयफोन वापरणाऱ्याला केवळ एलडॅकच्या नावावर महाग इअरफोन विकणे म्हणजे त्याला न लागणाऱ्या वस्तूचे पैसे घेणे होय.

खर्चाचा क्रम

या व्यवसायातील सर्वात उपयोगी गोष्ट आम्ही आता सांगत आहोत. चांगल्या स्थितीतील दोन यंत्रांच्या आवाजात फरक थोडा असतो. दोन इअरफोनच्या आवाजात तो जमीन-अस्मानाचा असू शकतो. म्हणून ग्राहकाच्या रकमेतील निम्म्याहून अधिक भाग इअरफोनवर जावा, त्यानंतर यंत्रावर, आणि तारांवर सर्वात शेवटी. जोड पक्का असलेली साधी तार पुरते. सोन्याचा मुलामा आणि गुंफलेली वेणी दिसायला छान दिसते, त्याने सूर सुधारत नाही.

इअरफोनमध्येही सर्वात स्वस्त भाग सर्वात मोठे काम करतो. तो म्हणजे त्याचे रबर. रबर कानात नीट बसले नाही तर खर्ज गळून जातो आणि महाग इअरफोनही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. ग्राहकाला तीन-चार मापांची रबरे लावून पाहू द्यावीत. दोन्ही कानांना एकच माप बसेल असेही नाही. यात पाच मिनिटे जातात, पण "इअरफोन खराब आहे" म्हणून परत येणारा बराचसा माल येथेच थांबतो. कानात घातलेली रबरे दुसऱ्या ग्राहकाला देण्यापूर्वी मात्र धुऊन पुसून घ्यावीत.

मिरजेची कसोटी

आवाज पारखायला कोणते ध्वनिमुद्रण लावावे? बहुतेक दुकानांत धडाक्याचे सिनेगीत लावतात. त्यात सगळीच यंत्रे चांगली वाटतात. आम्ही याहून चांगली कसोटी सुचवितो आणि ती आपल्याच मिरजेची आहे.

मिरजेत सतार आणि तानपुरे बनविणारी शिकलगार घराणी आहेत. हे मूळचे शस्त्रे बनविणारे व त्यांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी संपत आली तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी वाद्ये बनविण्याचे काम हाती घेतले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तानपुऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते, ती घोडी कानसेने अगदी हलक्या हाताने घासून कारागीर तिची 'जवारी' काढतो. जवारी जमली की एका तारेतून मूळ सुराबरोबर अनेक बारीक सूर झणझणत निघतात. हे काम कोणत्याही मोजपट्टीवर होत नाही, कारागिराचा कानच ते करतो.

तानपुऱ्याची ही झणझण हीच यंत्राची पहिली परीक्षा. १२८ किलोबिटच्या एमपी-थ्रीत सर्वात वरचे ध्वनी साधारणपणे कापले जातात, त्यामुळे झणझण कोरडी होते. दुसरी परीक्षा तबल्याच्या चाटेची. चाटेवरचा 'ना' कसा तुटक, धारदार निघाला पाहिजे. कमी दर्जाच्या एमपी-थ्रीत थापेच्या किंचित आधीच एक धूसर सावली येते आणि धार बोथट होते. तिसरी परीक्षा डग्ग्याच्या घुमाऱ्याची. डग्गा घुमला पाहिजे, पण त्याने गायकाचा आवाज झाकता कामा नये. चौथी परीक्षा माणसाच्या आवाजाची. अनेक ग्राहक तिलावत आणि नातसाठीच यंत्र घेतात. तिलावतीत 'से' आणि 'सीन' यांतील फरक वरच्या पट्टीतील बारीक ध्वनींवर ठरतो. हे दोन उच्चार वेगळे ऐकू आले नाहीत तर फाइल किंवा इअरफोन बदलावा.

ही परीक्षा घेताना एक दक्षता घ्यावीच लागते. दोन यंत्रांपैकी ज्याचा आवाज थोडा मोठा असतो, तेच कानाला चांगले वाटते. एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी निकाल फिरतो. म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करून मगच ऐकवावे. महाग यंत्राचा आवाज गुपचूप वाढवून "बघा, किती फरक आहे" म्हणणे म्हणजे तराजूत काटा मारणेच होय.

जुना आयपॉड, कारागिराचे काम

नव्या महाग यंत्रांत छोट्या दुकानदाराचे भांडवल अडकते. कारागिरासाठी त्यापेक्षा चांगला मार्ग जुन्या यंत्रांचा आहे. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा चोर बाजार यांसारख्या ठिकाणी आणि भंगारातही जुने आयपॉड येतात. २००५ ते २०१४ या काळातील मोठ्या आयपॉडमध्ये १.८ इंचाची फिरणारी हार्डडिस्क असे. यंत्र पडले की ती खराब होते, टकटक आवाज येतो आणि यंत्र बंद पडते. बाकीचा भाग बहुधा शाबूत असतो. हार्डडिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसविणारी पट्टी आता मिळते. ती आणि नवी बॅटरी बसविली की यंत्र पुन्हा चालू होते, हलके होते आणि धक्क्यालाही टिकते.

२००५ मधील आयपॉडचा पुढचा भाग प्लॅस्टिकचा आहे, तो पातळ पट्टीने उघडता येतो. २००७ पासूनच्या क्लासिकचा पुढचा भाग धातूचा आहे, त्याला हात जपून लावावा लागतो. आतील बॅटरीची चपटी पट्टी आणि तिचा कप्पा नाजूक असतो. झाकण झटक्याने ओढले तर तो तुटतो. फुगलेली बॅटरी टोकदार हत्याराने उचकटू नये, ती पेट घेऊ शकते. काढलेली बॅटरी कचऱ्यातही टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत आणि बॅटरीसाठी वेगळे नियम आहेत. नोंदणी असलेल्या संकलकाकडेच ती द्यावी.

आयपॉड मुळात फ्लॅक वाजवीत नाही. अ‍ॅपल लॉसलेसमध्ये रूपांतर करून ती गाणी त्यात भरता येतात, किंवा रॉकबॉक्स नावाची मोफत प्रणाली टाकली की फ्लॅकही चालते. काही ग्राहक २००५ च्या आयपॉडमधील वुल्फसन चिपच्या आवाजाची मोठी तारीफ करतात; २००७ च्या क्लासिकमध्ये सिरस लॉजिकची चिप आली. ग्राहकाला हवे ते यंत्र जरूर द्यावे, पण एका चिपच्या नावावर दुप्पट किंमत लावू नये.

या कामात सचोटीचा नियम एकच आहे. बिलावर "जुने यंत्र, कार्ड नवे, बॅटरी नवी, मूळ कंपनीची हमी नाही, दुकानाची हमी इतके महिने" असे स्पष्ट लिहून द्यावे. जुना माल जुना म्हणून विकण्यात कमीपणा नाही. जुन्याला नवे म्हणण्यात मात्र फसवणूक आहे.

नकली कार्ड आणि भरून दिलेली गाणी

या व्यवसायात दोन खड्डे आहेत. पहिला नकली मेमरी कार्डाचा. ८ किंवा १६ जीबीचे कार्ड आतून असे फिरविलेले असते की संगणकाला ते २५६ जीबीचे दिसते. खरी जागा भरेपर्यंत सर्व ठीक चालते; पुढची गाणी मात्र लिहिल्यासारखी दिसतात आणि वाजत नाहीत. तोवर कार्ड ग्राहकाच्या घरी पोचलेले असते आणि दोष दुकानदारावर येतो. यावर उपाय सोपा आहे. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि एफ-थ्री या मोफत प्रोग्रॅमद्वारे संपूर्ण कार्ड भरून पुन्हा वाचून पाहता येते. वेळ लागतो, म्हणून रात्री दुकान बंद करताना लावून ठेवावे. नव्या व्यापाऱ्याकडून आलेल्या प्रत्येक मालातील काही कार्डे अशी तपासल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.

दुसरा खड्डा अधिक खोल आहे. "मेमरी भरून मिळेल" अशी पाटी आपण गावोगावी पाहिली आहे. दुकानाच्या संगणकातून गाणी भरून देऊन पैसे घेणे हा कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार गुन्हा आहे. कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दिवसाच्या शे-दोनशे रुपयांसाठी एवढा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही. शिवाय ज्यांनी गायिले, वाजविले, ध्वनिमुद्रित केले, त्यांचा तो हक्क आहे. आपण स्वतः कष्टाने माल बनविणारे लोक आहोत. दुसऱ्याच्या कष्टाचा माल फुकट विकणे आपल्याला शोभत नाही. ग्राहकाला गाणी विकत देणाऱ्या किंवा वर्गणी घेऊन ऐकविणाऱ्या अधिकृत सेवांची माहिती द्यावी. अ‍ॅपल म्युझिकने २०२१ पासून सीडीच्या दर्जाचे संगीत वेगळा आकार न घेता देणे सुरू केले, हेही त्याला सांगावे.

कान ही अमानत आहे

शेवटचा मुद्दा नफ्याचा नाही, पण तो सर्वांत मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याचे प्रमाण जाहीर केले. मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा; मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास! आणि तीन डेसिबलचा फरक कानाला फार मोठा वाटत नाही, धोका तोच आहे. आतील कानाचे केसासारखे सूक्ष्म तंतू एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत.

मालेगाव आणि भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटात काम करणारे आपले कितीतरी बांधव आहेत. मागाचा आवाज बुडविण्यासाठी कानात इअरफोन घालून गाणी मोठ्याने लावणे म्हणजे जखमेवर जखम करणे होय. अशा ठिकाणी आधी कानाचे संरक्षण हवे. संगीत घरी, शांत जागी ऐकावे. नीट बसणारे रबर बाहेरचा गोंगाट रोखते आणि कमी आवाजातही गाणे स्पष्ट ऐकू येते. उत्तम यंत्राची खरी खूणही हीच की ते हळू आवाजात पूर्ण ऐकू येते. यंत्र विकताना आवाजाची मर्यादा कोठून बांधता येते, ते ग्राहकाला दाखवून द्यावे. मुलासाठी घेतलेल्या यंत्रात तर दुकानातच ती बांधून द्यावी.

सारांश असा की, उत्तम आवाज चार गोष्टींनी बनतो. निर्मळ ध्वनिमुद्रण, जुळणारे यंत्र, नीट बसलेला इअरफोन आणि जपलेला कान. यांपैकी एकही गोष्ट केवळ खोक्यावरच्या आकड्याने मिळत नाही. व्यापारी बांधवांनी आपल्या दुकानात एक चांगले ध्वनिमुद्रण, तीन मापांची रबरे आणि कार्ड तपासण्याचा प्रोग्रॅम एवढी सामग्री तरी ठेवावी. तिला खर्च फारसा नाही. शस्त्रांचे दिवस संपल्यावर मिरजेच्या कारागिरांनी हातातील कसब सोडले नाही, त्याला नवे काम दिले. टेप आणि रेडिओवर घडलेल्या हातांनाही तसे काम आजच्या बाजारात आहे. माप बरोबर ठेवले तर ते टिकेलही.